रुग्णाची चाल आणि त्याची राखण

मनुष्य इस्पितळात दाखल होतो तो रोगातून मुक्त होण्यासाठी. परंतु ज्या रोगासाठी तो आला त्याच्याशी कसलाही संबंध नसलेली इजा त्याला इस्पितळाच्या चार भिंतींतच व्हावी, न्यूमोनियातून सावरत असलेल्या एखाद्या वृद्धेचा रात्री संडासाकडे जाताना पाय घसरून खुब्याचे हाड मोडावे, आणि जी चार दिवसांत घरी जायची ती पुढे कायमची अंथरुणाला खिळावी, यासारखी दुःखदायक विसंगती वैद्यकव्यवहारात दुसरी क्वचितच आढळेल. शस्त्रक्रियेची नवी तंत्रे आणि औषधांचे नवे शोध यांच्यापुढे रुग्णाचे पडणे हा विषय क्षुल्लक वाटतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लक्ष ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात, अपघाती इजांनी ओढवणाऱ्या मृत्यूंत रस्त्यांवरील अपघातांच्या खालोखाल याच कारणाचा क्रम लागतो, आणि यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत घडतात. ज्या देशात २०११ च्या जनगणनेच्या वेळीच साठी ओलांडलेल्यांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली होती, त्या देशाला हा विषय क्षुल्लक मानणे परवडणारे नाही.

प्रश्नाची खरी अडचण मात्र आकड्यांच्या पलीकडची आहे. रुग्ण पडू नये हे शुश्रूषेचे एक कर्तव्य, आणि रुग्णाचे हातपाय चालते राहावेत हे दुसरे. पहिल्याचाच ध्यास घेतला म्हणजे रुग्णाला खाटेवर निजवून ठेवावेसे वाटते, आणि दुसऱ्याचा आग्रह धरला म्हणजे पडण्याची जोखीम पत्करावी लागते. या दोन कर्तव्यांचा मेळ कसा घालावा याविषयी गेल्या शतकात बरेच चिंतन व बरेच प्रयोग झाले आहेत. त्यांचा आढावा घेताना एक सिद्धांत मला उत्तरोत्तर दृढ होत गेलेला दिसतो, आणि तो असा, की रुग्णाची चाल थांबवून मिळणारी सुरक्षितता ही उसनी असते. टिकाऊ सुरक्षितता चालणाऱ्या रुग्णाशेजारी जाणते माणूस उभे केल्यानेच लाभते.

विश्रांतीच्या माहात्म्यापासून विश्रांतीच्या भीतीपर्यंत

एकोणिसाव्या शतकातील वैद्यकाने विश्रांतीला औषधाचा दर्जा दिला होता. लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांची विश्रांती व वेदना या विषयावरील व्याख्याने १८६३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, आणि दुखऱ्या अवयवाला निश्चल ठेवावे हे त्यांतील तत्त्व हळूहळू सबंध देहाला लागू होऊन बसले. बाळंतिणीने, हृदयविकाराच्या रोग्याने, हर्नियाची शस्त्रक्रिया झालेल्या तरुणाने आठवडेच्या आठवडे खाटेवर पडून राहावे, हा शिरस्ताच झाला. शिकागोतील एमिल रीस यांनी १८९९ सालीच शस्त्रक्रियेनंतर रोग्यांना लवकर उठवून चालविण्याचा पुरस्कार केला होता, पण त्यांचे म्हणणे जवळजवळ चार दशके दुर्लक्षित राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खाटा आणि माणसे यांची टंचाई पडून रोग्यांना लवकर उठविणे भाग पडले, तेव्हा अशा रोग्यांचे नुकसान तर होत नाहीच, उलट ते लवकर बरे होतात, हे सर्वांच्या प्रत्ययास आले. आणि १९४७ साली रिचर्ड ॲशर या इंग्रज वैद्याने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अंथरुणात पडून राहण्याचे धोके एकेका इंद्रियाच्या अनुक्रमाने मांडून त्या जुन्या श्रद्धेवर निर्णायक आघात केला.

ते धोके आज सर्वमान्य झाले आहेत. पडून राहणाऱ्याच्या पायांतील शिरांत रक्त गोठते, फुप्फुसांच्या तळाशी कफ साचतो, हाडांतील चुना झिजतो, मलावरोध होतो, माकडहाड व टाचा यांवर शय्याव्रण होतात, आणि मन खचते. डोरीन नॉर्टन या इंग्रज परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांसह वृद्ध रोग्यांच्या शुश्रूषेचे जे संशोधन १९६२ साली प्रसिद्ध केले, त्यात शय्याव्रणाचा संभव मोजण्यासाठी शरीरस्थिती, मनःस्थिती, वावर, हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा अशी पाच गमके घेतली होती; पाचांपैकी दोन चलनवलनाचीच आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. स्नायूंची हानी तर अत्यंत त्वरेने होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी वृद्धांना अवघे दहा दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस झडून गेले. निरोगी माणसाची ही गत, तर ज्वराने व उपासाने क्षीण झालेल्याची काय होत असेल? आणि याच वृद्धाला अकराव्या दिवशी कुणी ‘उठा आता, चाला’ म्हणाले म्हणजे तो पडतो. म्हणजे, पडू नये म्हणून ज्याला निजवून ठेवले, त्याच्या पडण्याची तयारी आपणच करीत असतो.

तरीही जुना शिरस्ता मोडलेला नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत इस्पितळातील वृद्ध माजी सैनिकांच्या हालचाली यंत्राने मोजल्या, तेव्हा ज्यांना आदल्या पंधरवड्यापर्यंत चालता येत होते असे ते रुग्ण इस्पितळातील ८३ टक्के वेळ आडवे पडूनच होते, असे दिसून आले.

पडण्याची कारणपरंपरा

रुग्ण कसा पडतो हे कळण्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या पुरुषांच्या सर्वसाधारण कक्षातील रात्री दोनचा सुमार डोळ्यांपुढे आणावा. सत्तरीतले एक शेतकरी गृहस्थ छातीतील कफासाठी दाखल झालेले आहेत. रक्तदाबाची गोळी पूर्वीपासून चालू आहे, पायांवरील सूज उतरावी म्हणून लघवी अधिक होण्याची गोळी कालपासून सुरू झाली आहे, आणि झोप येत नाही म्हणून निजताना आणखी एक गोळी दिलेली आहे. डाव्या हाताला सलाईन आहे. चष्मा उशाशी गाठोड्यात, चपला खाटेखाली दूर सरकलेल्या, मुलगा खाटेशेजारी सतरंजीवर गाढ झोपलेला. लघवीची निकड लागते. बोलावण्याची घंटा नाही. सिस्टर कक्षाच्या दुसऱ्या टोकाला नव्या रोग्याजवळ आहेत. आणि मुलीच्या वयाच्या बाईंना ‘लघवीचे भांडे द्या’ म्हणायला त्यांना संकोच वाटतो. ते उठतात. एकदम उभे राहिल्याने रक्तदाब घसरून डोळ्यांपुढे अंधारी येते, सलाईनची नळी ओढली जाते, अनवाणी पाऊल नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर पडते, संडासाच्या दाराशी उंबरा आहे आणि धरावयाला भिंतीवर दांडी नाही.

या एका पडण्यात किती कारणे गुंतलेली आहेत! शास्त्रकार त्यांचे रुग्णदेहातील व परिसरातील असे दोन वर्ग करतात. वार्धक्य, दुबळे पाय, मंद दृष्टी, पूर्वी पडल्याचा इतिहास, आजारपणात अकस्मात उद्भवणारा बुद्धिभ्रम, झोपेच्या, रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या औषधांचा परिणाम, उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरणे, ही पहिल्या वर्गातील. उंच खाट, सुटलेले ब्रेक, अंधार, ओली जमीन, सैल पादत्राणे, हाताशी नसलेली काठी, ही दुसऱ्या वर्गातील. पण या दोहोंना जोडणारे तिसरे कारण म्हणजे निकडीच्या क्षणी जवळ कुणी नसणे. अमेरिकेतील सेंट लुईस शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात १८३ रुग्णांच्या पडण्याचा जो बारकाईने तपास झाला व २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात जवळजवळ ७९ टक्के रुग्ण सोबत कुणी नसताना पडले होते, आणि निम्म्यांचे पडणे मलमूत्रविसर्जनाच्या खटपटीशी निगडित होते. रुग्णाने हाक मारण्याआधीच त्याला लघवीला जायचे आहे का, काही दुखते का, कूस बदलायची आहे का, आणि पाणी, चष्मा, काठी हाताच्या अंतरावर आहे का, हे ठराविक वेळाने फिरून विचारण्याची पद्धत आज जी रूढ होत आहे, तिचे मर्म यातच आहे.

मोजमाप आणि त्याच्या मर्यादा

कोणता रुग्ण पडेल हे अगोदर ओळखता यावे म्हणून अनेक तक्ते रचले गेले. त्यांत जॅनिस मॉर्स या कॅनडातील विदुषीचा, १९८९ साली प्रसिद्ध झालेला तक्ता सर्वांत अधिक प्रचारात आहे. पूर्वी पडल्यास २५ गुण, एकाहून अधिक व्याधी असल्यास १५, शिरेत सलाईन वा सुई असल्यास २०, काठी-वॉकर घेऊन चालल्यास १५ आणि टेबल-खुर्चीचा आधार धरीत चालल्यास ३०, दुबळ्या चालीला १० व बिघडलेल्या चालीला २०, आणि आपल्या शक्तीचा यथार्थ अंदाज नसल्यास १५. बेरीज बहुतेक ठिकाणी ४५ वर गेली की धोका मोठा समजतात. वरील गृहस्थांना एकाहून अधिक व्याधी, सलाईन, दुबळी चाल आणि ‘माझे मी जाईन’ हा फाजील विश्वास, यांमुळे ६० गुण मिळतात. चालीची परीक्षा याहूनही साधी आहे : खुर्चीवरून उठून तीन मीटर चालावे, वळून परत यावे व बसावे, याला बारा सेकंद किंवा अधिक लागत असतील तर सावध व्हावे.

असे तक्ते उपयुक्त आहेत यात शंका नाही, विशेषतः नवशिक्या परिचारिकेच्या नजरेला ते वळण लावतात. परंतु त्यांच्या भाकितशक्तीवर विसंबण्यात धोका आहे. ब्रिटनमधील आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या राष्ट्रीय संस्थेने २०१३ साली असे गुणांकनाचे तक्ते वापरू नयेत, ६५ वर्षांवरील प्रत्येक दाखल रुग्णाला धोका आहे असेच गृहीत धरावे, आणि त्याच्या बाबतीत कोणते कारण दूर करता येईल हे शोधावे, असा स्पष्ट सल्ला दिला. साठ गुण लिहून तक्ता दप्तरी लावला आणि गृहस्थांचा चष्मा गाठोड्यातच राहिला, तर त्या साठ गुणांनी कुणाचे कल्याण केले? मोजमाप हे कृतीचे पहिले पाऊल आहे, आणि कृतीवाचून त्याला किंमत नाही.

उपायांची पारख

उपायांपैकी काहींचा निकाल आता लागल्यासारखा आहे. ज्यांना कक्षात साइड रेल म्हणतात ते खाटेचे कठडे चढवले म्हणजे रुग्ण सुरक्षित झाला, ही समजूत दृढमूल आहे. पण भ्रमिष्ट अवस्थेतील रुग्ण कठडा ओलांडू पाहतो आणि मग अधिक उंचीवरून पडतो, किंवा कठडा व गादी यांच्या फटीत अडकतो. अशा अडकण्याने झालेल्या मृत्यूंमुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला १९९५ साली सर्व रुग्णालयांना सावधगिरीची सूचना द्यावी लागली. हातपाय बांधून ठेवणे तर त्याहून वाईट. बांधलेला मनुष्य अधिक बिथरतो, त्याची शक्ती लवकर ओसरते, आणि त्याच्या मनुष्यत्वाची विटंबना होते ती निराळीच. आपल्या देशात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने मनोरुग्णांच्या बाबतीतसुद्धा, तात्काळ ओढवणारी गंभीर इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तरच असे बंधन घालण्याची मुभा ठेवली आहे. तेव्हा साध्या कक्षातील वृद्धाचे मनगट पट्टीने खाटेला बांधण्याची वहिवाट जेथे असेल, तेथे ती तत्काळ बंद झाली पाहिजे. रुग्ण उठताच वाजणाऱ्या यांत्रिक घंटेवरही पुष्कळ भिस्त ठेवण्यात आली; परंतु २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, एका अमेरिकन रुग्णालयाच्या १६ कक्षांतील प्रयोगात घंटांचा वापर वाढला, रुग्णांचे पडणे मात्र कमी झाले नाही.

अनेक उपायांची मोळी बांधली तर? ऑस्ट्रेलियात सहा रुग्णालयांतील २४ कक्षांत धोक्याची पाटी, स्नानगृहात देखरेख, काठी हाताशी, शौचाच्या ठराविक वेळा, अगदी ठेंगणी खाट आणि घंटा असे सहा उपाय योजून मोठा प्रयोग झाला. २०१६ साली त्याचा निष्कर्ष बाहेर आला तो निराशाजनक होता, कारण पडण्याच्या वा इजांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. याच्या उलट, त्याच देशात आठ पुनर्वसन कक्षांत रुग्णाला व्यक्तिशः समजावून सांगण्याचा व त्याचे म्हणणे कर्मचाऱ्यांना कळविण्याचा प्रयोग झाला, आणि २०१५ सालच्या अहवालानुसार पडण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. बॉस्टन व न्यूयॉर्कमधील तीन वैद्यकीय केंद्रांच्या १४ कक्षांत रुग्णाला व त्याच्या नातेवाइकांना सामील करून, त्याच्या विशिष्ट धोक्यांचा व त्यांवरील तजविजीचा फलक त्याच्याच खाटेशी लावण्याची पद्धत अंगीकारली, तेव्हा पडण्याचे प्रमाण १५ टक्क्यांनी व इजा करणाऱ्या पडण्याचे ३४ टक्क्यांनी उतरल्याचे २०२० साली नमूद झाले. हे सर्व प्रयोग एकाच जातीचे नाहीत, त्यामुळे त्यांची तुलना सांभाळूनच केली पाहिजे. तरीही वस्तूंवर भर देणारे उपाय फसतात आणि रुग्णाला, आप्तांना व परिचारिकेला एका विचाराने बांधणारे उपाय फळतात, ही दिशा त्यांतून निश्चित सूचित होते.

दंडनीतीचा अनुभवही येथे नोंदला पाहिजे. २००८ च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेच्या सरकारी विमायोजनेने रुग्णालयात पडून झालेल्या इजेचा जादा खर्च देण्याचे बंद केले. हेतू चांगला होता. पण पडणे म्हणजे संस्थेचा गुन्हा ठरला की रुग्णाला उठूच न देण्याकडे कल वाढतो, अशी साधार चिंता तेथील वृद्धवैद्यकाच्या अभ्यासकांनी वेळोवेळी व्यक्त केली आहे.

उठवण्याची विद्या

रुग्णाला उठवून चालवणे हे अकुशल काम समजले जाते, ही मोठी चूक आहे. त्यात पायरीपायरीने जपण्याचा क्रम आहे. प्रथम खाट ठेंगणी करून ब्रेक लावावेत, सलाईनची बाटली फिरत्या स्टँडवर घ्यावी, लघवीच्या नळीची पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीला राहील अशी अडकवावी, न घसरणारी पादत्राणे पायांत घालावीत. रुग्णाला कुशीवर वळवून, कोपराच्या आधाराने उठवून, पाय खाली सोडून दोन-चार मिनिटे बसू द्यावे. चेहरा फिका पडतो का, घाम येतो का, चक्कर येते का हे पाहावे. मग पावले मागे घेऊन, धड पुढे झुकवून, त्याच्याच पायांच्या बळावर त्याला उभे राहू द्यावे. त्याला काखेत हात घालून ओढू नये, कारण तसे केल्याने खांदा निखळतो, आणि पक्षाघाताच्या रोग्याचा दुबळा खांदा तर फारच लवकर. चाकाची खुर्ची सबळ बाजूला तिरपी लावावी, चालताना आपण दुबळ्या बाजूला किंचित मागे राहावे. चालता चालता रुग्ण कोसळू लागलाच, तर त्याला तोलून धरण्याचा हट्ट करू नये. पाय फाकवून, त्याला आपल्या अंगाशी घेऊन, आपल्या मांडीवरून हळूहळू जमिनीवर उतरवावे आणि त्याचे डोके जपावे. परिचारिकेची पाठ ही देखील याच सुरक्षिततेचा भाग आहे : अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शनाप्रमाणे अनुकूल परिस्थितीतही एकटीने हाताने पेलावयाचा रुग्णदेहाचा भार सुमारे १६ किलोंपलीकडे जाऊ नये, तेव्हा साठ किलोंच्या रुग्णाला एकटीने उचलण्याची अपेक्षा करणे हा अन्यायच होय.

आणि रुग्ण पडलाच तर? त्याला घाईने उचलून खाटेवर टाकणे ही पहिली चूक. आधी तेथेच शुद्धी, श्वास, नाडी व रक्तदाब पाहावा, डोके व मान तपासावी, एक पाय आखूड होऊन बाहेर वळला आहे का हे पाहावे, मधुमेही असल्यास साखर बघावी, रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास डोक्याच्या साध्या माराकडेही दुर्लक्ष करू नये, डॉक्टरांना वर्दी द्यावी, आणि मगच पुरेशा मनुष्यबळाने उचलावे. त्यानंतर जी नोंद व्हावयाची, ती कैफियत मागण्याच्या सुरात झाली तर पुढच्या वेळी नोंदच होणार नाही. कोण चुकले यापेक्षा काय राहून गेले हे शोधणारी नोंदच कामाची.

आपल्याकडील परिस्थिती

हे सारे ज्ञान आपल्याकडे पोचलेले नाही असे नव्हे. २००५ साली स्थापन झालेल्या, रुग्णालयांना अधिस्वीकृती देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने दर हजार रुग्णदिवसांमागे किती रुग्ण पडले याची गणना हे गुणवत्तेचे एक गमक मानले आहे. १७ सप्टेंबर हा दिवस २०१९ पासून जगभर रुग्णसुरक्षेसाठी पाळला जातो. अडचण ज्ञानाची थोडी आणि हातांची फार आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे एक व इतर सर्वसाधारण रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. प्रत्यक्षात रात्रपाळीला एका अधिपरिचारिकेवर सबंध कक्षाचा भार पडतो, हे सार्वजनिक रुग्णालयात एक रात्र काढलेला कोणीही सांगेल. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या मृत्यूचा संभव सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, असे लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांच्या अभ्यासातून दाखवून दिले होते. पदे रिक्त ठेवून होणाऱ्या बचतीची किंमत कोण मोजतो, हे यावरून उघड आहे.

उलटपक्षी आपल्याकडे एक बळ असे आहे, की ज्यासाठी पाश्चात्त्य रुग्णालयांना आटापिटा करावा लागतो : रुग्णाशेजारचा नातेवाईक. आज तो औषधे आणण्यापुरता आणि पास दाखवण्यापुरता गणला जातो. त्याला दाखल होण्याच्या दिवशीच पंधरा मिनिटे देऊन, बाबांना कसे बसवावे, किती वेळ थांबावे, कुठे धरावे, केव्हा सिस्टरना हाक मारावी हे करून दाखवले, तर कक्षाला खाटेगणिक एक सहायक मिळेल. अर्थात ही सोय परिचारिकेच्या जोडीला आहे, तिच्या जागी नाही. आणि ज्याच्यामागे कुणी नाही अशा रुग्णाचा पहिला हक्क परिचारिकेवरच राहील. कक्षातल्या मावशींना व कक्षसेवकांनाही हे शिक्षण मिळाले पाहिजे, कारण रुग्णाला हात धरून नेणारे बहुधा तेच असतात. इमारतीच्या बाबतीत फार मोठ्या खर्चाची गरज नाही : संडासात दांडी, रात्रभर मंद दिवा, उंबऱ्याच्या जागी उतार, फरशी पुसण्याची वेळ रुग्णांच्या वर्दळीआधीची, आणि भारतीय बैठकीच्या संडासाजोडीला निदान एक उंच बैठक.

घरी गेलेल्या रुग्णाचीही हीच काळजी आहे. मोरीतील शेवाळ, अंगणातील पायरी, अंधारा जिना, जमिनीवर पसरलेली वायर हे धोके घरोघर असतात. घरी जाण्याचा कागद देताना औषधांच्या वेळांबरोबर रोज किती चालावे, कशाच्या आधाराने चालावे आणि न्हाणीघरात काय बदलावे, हेही त्यावर लिहिले गेले पाहिजे.

पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदनाचे कार्य उभे राहिले, आणि परिचर्येचा व्यवसाय हलका मानणाऱ्या समाजातील घरंदाज स्त्रियांना त्यांनी ससून रुग्णालयात जाऊन ते शिक्षण घेण्यास प्रवृत्त केले; रुग्णाला हात देणे हे विद्येचे व प्रतिष्ठेचे काम आहे, ही जाणीव महाराष्ट्रात रुजवण्यात त्या प्रयत्नाचा वाटा मोठा आहे. आज त्या जाणिवेला अंदाजपत्रकातील तरतुदीची जोड हवी आहे. रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी महिनाअखेरच्या तक्त्यात किती रुग्ण पडले या रकान्याशेजारी किती रुग्ण चालवले गेले हाही रकाना ठेवावा, कारण पहिला आकडा शून्य आणि दुसराही शून्य असेल तर ते यश नव्हे, ती उपेक्षा आहे. शासनाने परिचारिकांची रिक्त पदे प्रमाणानुसार भरावीत. आणि ज्यांचे वृद्ध आप्त रुग्णालयात आहेत त्यांनी ‘पडून राहा, उठू नका’ असे त्यांना सांगण्याऐवजी ‘उठायचे असेल तेव्हा मला हाक मारा’ असे सांगावे, आणि ती हाक ऐकू येईल इतके जवळ असावे.